तीन मिनिटांचा प्लँक आणि पाठीचा पोक : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे बाजूने काढलेले छायाचित्र, दोन्ही मिळाले. छायाचित्राखाली तू ‘सव्विसाव्या वर्षीच म्हातारा झालो’ असे लिहिले आहेस. पण मला त्या छायाचित्रापेक्षा पत्रातल्या एका परिच्छेदाची काळजी अधिक वाटली. गेले पाच आठवडे तू रोज तीन मिनिटे प्लँक धरतोस, म्हणजे पालथे होऊन कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग फळीसारखे तोलतोस, शेवटच्या मिनिटाला अंग थरथरते आणि कंबर खाली झुकते, आणि एवढे करूनही दुपारी चार वाजता खुर्चीत तुझी पाठ पूर्वीइतकीच गोल झालेली असते. शिवाय आता कमरेत बारीक कळ येऊ लागली आहे. ‘मग या कोअरच्या, म्हणजे धडाच्या गाभ्याच्या, व्यायामांचा उपयोग तरी काय?’ असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे आणि दोन ओळींत त्याची बोळवण करणे बरे दिसणार नाही, म्हणून सवडीने लिहितो आहे.

मी डॉक्टर नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण प्रबंध लिहिताना आठ महिने मी संगणकापुढे ज्या थाटात बसलो, त्याचा हिशेब एका सकाळी एकरकमी चुकता झाला. दात घासून चूळ भरण्यासाठी बेसिनवर वाकलो आणि पुन्हा सरळ होता येईना. पहिल्या ठिकाणी उपचारासाठी गेलो, तेथे सिट-अप्सची चित्रे असलेला छापील कागद हातात पडला. रोज पन्नास काढा, पोट मजबूत झाले की पाठ आपोआप सरळ होईल, असे सांगण्यात आले. तीन आठवड्यांत दुखणे वाढले. पुढे ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, त्यांनी मला उताणे झोपवले, कमरेच्या बाकाखाली माझेच तळहात ठेवायला लावले आणि डोके व खांदे जेमतेम दोन बोटे उचलून दहा सेकंद थांबायला सांगितले. एवढ्याशा हालचालीला व्यायाम म्हणतात याचे मला हसू आले. सातव्या खेपेला हसू आले नाही.

तुझ्या प्रश्नाचे मूळ कण्याच्या रचनेत आहे. मराठीत मणका या शब्दाचा एक अर्थ मणी असाही आहे, आणि कण्याच्या हाडांना हे नाव देणाऱ्याने नेमके पाहिले होते असे मला वाटते. मानेचे 7, छातीमागचे 12 आणि कमरेचे 5 असे मणी एकावर एक रचलेले आहेत, मध्ये चकत्या (डिस्क) आहेत आणि हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधांनी सगळे ओवून ठेवले आहे. पण ओवलेली माळ कोणी उभी करू शकत नाही. स्नायू पूर्णपणे काढून टाकलेला कमरेचा कणा प्रयोगशाळेत उभा करून त्यावर भार दिला, तेव्हा सुमारे 90 न्यूटनला, म्हणजे साधारण 9 किलो वजनाला, तो बाजूला वाकून कोलमडला. आपले नुसते डोकेच साडेचार-पाच किलोचे असते. हात आणि धड तर अजून मोजलेच नाहीत. याचा अर्थ, तू आता खुर्चीत बसून हे वाचतो आहेस त्या क्षणीही तुझे डझनावारी स्नायू तुझ्या नकळत त्या माळेला चहूबाजूंनी ताणून उभे धरत आहेत.

येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी 1992 साली हीच गोष्ट एका चौकटीत बसवली, आणि आजही फिजिओथेरपीचे विद्यार्थी त्या चौकटीपासूनच सुरुवात करतात. त्यांच्या मते कण्याचे स्थैर्य तीन यंत्रणा मिळून सांभाळतात : हाडे, चकत्या व अस्थिबंध ही एक, स्नायू ही दुसरी, आणि कोणत्या स्नायूने केव्हा व किती ओढायचे हे ठरवणारी मज्जासंस्था ही तिसरी. यांपैकी एक लंगडी पडली तर उरलेल्या दोघी काही काळ तिचा भार उचलतात. तू आणि मी व्यायाम म्हटला की फक्त दुसरीचा विचार करतो, आणि तोही तिच्या ताकदीचा. माझ्या समजुतीप्रमाणे तुझी गल्लत नेमकी येथे झाली आहे.

‘कोअर’ म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर आरशात दिसणाऱ्या पोटाच्या सहा वड्या येत असतील. तो स्नायू गाभ्याचा एक भाग आहे, पण उभे राहण्या-बसण्याच्या कामात त्याचा वाटा तू समजतोस तेवढा मोठा नाही. खरे काम आतल्या नळकांड्याचे आहे. वरच्या बाजूला झाकणासारखे श्वासपटल, तळाशी ओटीपोटाचा तळ सावरणारे स्नायू, सभोवती कंबरपट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस, आणि मागे मणक्याला मणका जोडत जाणारा मल्टिफिडस. या नळकांड्याच्या बाहेर पोटाचे तिरके स्नायू, पाठीचे लांब स्नायू, कमरेच्या बाजूचा क्वाड्रेटस लंबोरम आणि खाली नितंबाचे स्नायू. झाकण श्वासासोबत खालीवर होत असल्यामुळे श्वास रोखून केलेला व्यायाम मला नेहमीच अर्धवट वाटतो. तीन मिनिटांच्या प्लँकमध्ये तुझा श्वास कसा चालतो, ते एकदा लक्ष देऊन पाहा.

ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तुला आवडेल. त्यांनी लोकांना उभे करून झटकन हात उचलायला सांगितला आणि स्नायूंमधले विद्युत्संदेश मोजले. निरोगी माणसांत पोटाचा तो आडवा स्नायू हात उचलणाऱ्या स्नायूच्या आधीच जागा होत असे; जणू हात हलणार आहे याची वर्दी त्याला आधी मिळते. ज्यांना वारंवार कंबरदुखी होत होती, त्यांच्यात तो उशिरा जागा झाला. ताकद होती, वेळ चुकत होती. त्याच वर्षी ज्युली हाइड्स यांच्या गटाने आणखी एक बाब दाखवली : कंबरदुखीच्या पहिल्या झटक्यात बारीक झालेला मल्टिफिडस दुखणे थांबल्यावर आपोआप पूर्ववत होत नाही, त्याला वेगळा व्यायाम द्यावा लागतो. मी हे वाचले तेव्हा दुखणे गेले म्हणून व्यायाम सोडून दिल्याच्या माझ्या दोन खेपा आठवल्या आणि मुकाट्याने चटई पुन्हा अंथरली.

अर्थात या प्रयोगांचा पुढे अतिरेकही झाला. बेंबी आत ओढून धरा, दिवसभर ओढून धरा, असा उपदेश जगभरच्या व्यायामशाळांत सुरू झाला. मग 2010 साली एयाल लेडरमन यांनी ‘कोअर स्टॅबिलिटी’ या कल्पनेलाच मिथक म्हणणारा लेख लिहिला. एकच स्नायू सुटा करून शिकवण्याने कंबरदुखी इतर व्यायामांपेक्षा जास्त बरी होते असे दिसत नाही, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. म्हणून बेंबी ओढण्याच्या भानगडीत तू पडू नकोस. कोणी गमतीने पोटात बोट टोचणार आहे असे समजून पोट आणि कुशी जेवढ्या सहज घट्ट होतात, तेवढे घट्ट करणे पुरेसे आहे. दैनंदिन हालचालींत कण्याला स्थिर ठेवण्यासाठी स्नायूंची कमाल शक्ती लागतच नाही, तिचा लहानसा अंश लागतो. मात्र तो लहानसा अंश तासन् तास, न कुरकुरता द्यावा लागतो.

तुझ्या पाठीचा पोक या ‘न कुरकुरता’ शब्दांत दडलेला आहे. सकाळी नऊ वाजता तू ताठ बसतोस, कारण तुझे लक्ष तिकडे असते. अकरा वाजता लक्ष कामात जाते आणि ते मंद, चिवट काम करणारे स्नायू दमलेले असतात. तेव्हा शरीर शहाणपणाने भार अस्थिबंधांवर टाकून मोकळे होते. तू बसत नाहीस, तू अस्थिबंधांना लटकतोस. आणि अस्थिबंध सतत ताणले गेले की हळूहळू सैल होत जातात : वीस मिनिटे पूर्ण पुढे वाकून बसलेल्यांच्या कमरेत हा सैलपणा अर्ध्या तासानंतरही काही प्रमाणात शिल्लक असल्याचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांच्या प्रयोगात आढळले आहे. दुपारी चारची पाठ ही अशी तयार होते. तिला ‘ताठ हो’ असे बजावून उपयोग नाही, कारण आज्ञा ऐकणारा स्नायू दोन मिनिटांत पुन्हा दमणार. त्याचा दम वाढवावा लागेल, आणि मधूनमधून त्याला सुट्टीही द्यावी लागेल.

आता तीन मिनिटांचा प्लँक. स्नायू सतत आकुंचित राहिला की त्याच्यातला रक्तपुरवठा दबतो, तो थकतो, मग कंबर झुकते, आणि शेवटचे मिनिटभर तू नेमकी तीच चुकीची स्थिती घोटून पाठ करतोस जी तुला नको आहे. कळही बहुधा त्या शेवटच्या मिनिटाची आहे. मॅक्गिल हे कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात अनेक वर्षे कण्याच्या यांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांची शिफारस अशी की कोणतीही स्थिती सुमारे दहा सेकंद धरावी, सोडावी, पुन्हा धरावी, आणि दम वाढवायचा असेल तर सेकंद न वाढवता खेपा वाढवाव्यात. खेपा उतरत्या ठेवायच्या : पहिल्या फेरीत सहा, दुसरीत चार, तिसरीत दोन. थकवा येत जातो तसे काम कमी होते आणि ढब शेवटपर्यंत शुद्ध राहते. हा हिशेब मला इतका आवडला की मी तो वाचन आणि लेखनालाही लावून पाहिला, पण ते असो.

ज्या तीन व्यायामांचा ते आग्रह धरतात, तेच मी करतो. पहिला तो दोन बोटे डोके उचलण्याचा : उताणे झोप, एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेखाली, म्हणजे कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होणार नाही. हनुवटी छातीला न लावता डोके, मान आणि खांदे एकसंध फळीसारखे किंचित उचलायचे. यात पाठ गोल होत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. नेहमीच्या सिट-अपमध्ये कमरेच्या चकत्यांवर 3000 न्यूटनच्या पुढे दाब जातो, आणि तोही कणा वाकलेला असताना. माझ्या पन्नासांचे काय झाले ते तुला सांगितलेच.

दुसरा साइड प्लँक. कुशीवर झोपून कोपर बरोबर खांद्याखाली, सुरुवातीला गुडघे दुमडलेले, आणि कंबर उचलून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेषा. यात तिरके स्नायू आणि क्वाड्रेटस लंबोरम भरपूर काम करतात, पण कण्यावरचा दाब त्या मानाने कमी राहतो. डाव्या आणि उजव्या बाजूचा दम सारखा नसला तर तेथेच तुझ्या बसण्याच्या सवयीचा पत्ता लागेल; माझी डावी बाजू उजवीच्या दोन-तृतीयांशावरच दमत असे, आणि मी वर्षानुवर्षे उजव्या कोपरावर रेलून वाचत आलो होतो.

तिसरा बर्ड-डॉग, आणि याच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तो सगळे करतात आणि बहुतेक सगळे चुकीचा करतात. तळहात आणि गुडघे जमिनीवर टेकलेले, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, नंतर उलट. पाय आकाशाकडे फेकला की कमरेत खळगा पडतो आणि सगळे व्यर्थ जाते. टाच मागच्या भिंतीला ढकलतो आहोत अशी कल्पना केली की तो आपोआप जमिनीला समांतर राहतो. उचललेल्या पायाच्या बाजूचा खुबा वर फिरू द्यायचा नाही. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्या कमरेवर एक पुस्तक ठेवत आणि ते घसरले की खेप बाद. दहा सेकंदांनंतर हात आणि गुडघा खाली आणून जमिनीवरून पुसल्यासारखे हलकेच ओढायचे आणि पुन्हा ताणायचे, म्हणजे स्नायूला क्षणभर रक्त मिळते. मल्टिफिडस आणि पाठीच्या लांब स्नायूंना याइतका सुरक्षित व्यायाम मला दुसरा सापडला नाही. या तिघांना मी नितंब उचलण्याचा ब्रिज जोडतो, कारण दिवसभर ज्यावर बसून राहतो ते स्नायू काम विसरतात आणि त्यांचे काम कमरेला करावे लागते.

चेक वैद्य व्लादिमिर यांदा यांनी असल्या विसराळूपणाचे एक रेखाचित्रच मांडून ठेवले आहे. खालच्या बाजूला खुब्याचे पुढचे स्नायू आणि कमरेचे मागचे स्नायू आखडतात, पोट आणि नितंब ढिले पडतात. वरच्या बाजूला छाती आणि मानेच्या मागचा भाग आखडतो, मानेच्या पुढचे खोल स्नायू आणि खांद्याच्या फऱ्यांमधले स्नायू ढिले पडतात. आखडलेल्यांना आणि ढिल्यांना जोडणाऱ्या रेषा एकमेकींना छेदतात, म्हणून त्याला फुलीचे नाव. प्रत्येक माणूस या चित्रात बरोबर बसतो असे नाही, पण तुझ्या छायाचित्रात वरची फुली मला स्पष्ट दिसते. आणि म्हणूनच एक कटू गोष्ट : पुढे गेलेली मान केवळ पोटाच्या व्यायामाने मागे येणार नाही. त्यासाठी हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे नेण्याचा, जणू कोणी समोरून कपाळावर बोट ठेवले आहे असा, सौम्य व्यायाम हवा, आणि रबरी पट्टी दोन्ही हातांनी ताणून फऱ्या जवळ आणण्याचा हवा. यांनाही दहा सेकंदांचाच नियम लाव.

छायाचित्र पुन्हा काढशील तेव्हा कान, खांदा, खुबा आणि घोट्याच्या किंचित पुढचा बिंदू साधारण एका उभ्या रेषेत येतात का ते पाहा. पण त्या रेषेची पूजा करू नकोस. ही रेषा चुकली म्हणजे दुखणे येणारच, असा पुरावा फार कच्चा आहे. बसण्याविषयीचेही तसेच. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजला आणि बसताना तो उभे राहण्यापेक्षा जास्त असतो असे सांगितले. 1999 साली हान्स-योआखिम विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक ठेवून पाहिले, तर सैल बसण्यात तो उभे राहण्यापेक्षा जास्त नव्हता. तेव्हा बसणे पाप नाही, आणि रेलून बसणे तर मुळीच नाही. एकाच स्थितीत गोठून राहणे तेवढे टाळ. दर अर्ध्या तासाने उठ, दोन्ही हात डोक्यावर नेऊन ताण, एक खोल श्वास घे आणि हवे तर पुन्हा पोक काढून बस. वेगळ्या तऱ्हेने मात्र बस.

सकाळच्या वेळेविषयी सांगायचे राहिले. रात्रभर चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी आपण थोडे उंच असतो आणि वाकताना चकतीवर ताणही अधिक पडतो. कंबरदुखीच्या रुग्णांनी सकाळच्या पहिल्या काही तासांत पुढे वाकणे टाळले, तर दुखणे कमी झाले असे 1998 च्या एका अभ्यासात दिसले. मी बेसिनवर कधी अडकलो ते आठव. उठल्या उठल्या व्यायामाला बसू नकोस. तासभर वावर आणि मग चटई अंथर.

सुरू करण्यापूर्वी एक तपासणी कर. पालथा झोपून कोपरांवर छाती उचल आणि घरातल्या कोणाला तरी पाठ पाहायला सांग. पोक सपाट झाला तर तो सवयीचा आहे. तसाच कडक राहिला, तर किशोरवयातच मणक्यांचा आकार पाचरीसारखा होणाऱ्या शॉयरमन विकाराची शक्यता असते. आणि उभे राहून पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसली, तर कण्याला बाजूचा बाक असू शकतो. दोन्ही बाबतींत आधी तज्ज्ञाला दाखव, माझ्या पत्रावर विसंबू नकोस. कळ पायात उतरू लागली, पाय बधिर किंवा दुबळा झाला, तर व्यायाम थांबव आणि डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा बिघडला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. तेथे उशीर परवडत नाही.

किती दिवस लागतील, असे तू विचारशीलच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पुस्तक कमरेवरून घसरेनासे झाले, म्हणजे मज्जासंस्था शिकली. दम वाढलेला मला सहा-आठ आठवड्यांनी जाणवला, आणि तोही असा की एका संध्याकाळी काम संपवून उठलो तेव्हा दिवसभरात एकदाही पाठीची आठवण झाली नव्हती. छायाचित्रात फरक दिसायला त्याहून जास्त वेळ गेला आणि तो माझ्या अपेक्षेपेक्षा कमीच होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तर आजपासून तो तीन मिनिटांचा प्लँक बंद कर. कळ थांबेपर्यंत चार-पाच दिवस नुसते चाल. त्यानंतर साइड प्लँक गुडघ्यांवर दोन्ही बाजूंनी एकेकदा, ढब बिघडेपर्यंतच धर आणि डाव्या-उजव्याचे सेकंद लिहून पाठव. एवढ्या एका मोजणीपुरता दहा सेकंदांचा नियम मोडला तरी चालेल. ते आकडे आले की खेपा किती ठेवायच्या ते आपण मिळून ठरवू.

तुझाच,
एकेकाळी बेसिनवर अडकलेला मित्र